‘आमचा विरोध नाही, पण इथे नको’: शेजारी केअर होम येणार म्हटल्यावर काय होतं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. अडखळलेली वाक्यं काढली आहेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)



आजचा विषय थेट आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आलाय. आम्ही शहाद्याचे. मी नोकरीसाठी पुण्यात असतो, पण ग्रुप काही सोडलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात ग्रुपवर बातमी आली. कॉलनीतला एक बंगला बरीच वर्षं बंद आहे, मालकांची मुलं बाहेरगावी स्थायिक झालीत. तो बंगला भाड्याने घेऊन तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी केअर होम काढायचं चाललंय. दहा-बारा जण. जे अंथरुणाला खिळलेत आणि घरी बघायला कुणी नाही, असे.

पुढच्या तासाभरात ग्रुप पेटला. ‘चांगलं काम आहे, विरोध नाही, पण रहिवासी भागात नको.’ ‘रात्री-बेरात्री अँब्युलन्स येणार.’ ‘लहान मुलांनी रोज मयत बघायची का?’ ‘प्लॉटचे भाव पडतील.’ ‘आम्हाला कुणी विचारलं?’ शेवटी आमच्या गल्लीतल्या एका नानांनी लांबलचक मेसेज टाकला, की सगळ्यांनी मिळून लेखी विरोध नोंदवू. त्याला धडाधड अंगठे आले.

त्यातला एक अंगठा माझा होता. खरं सांगतो, मी ऑफिसच्या कॉलवर होतो. मेसेज अर्धाच वाचला, अंगठा दिला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळलो.

रात्री मम्मीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, “तुझ्या मामाचं विसरलास का रे?”

मामांची गोष्ट

माझे मामा तळोदा तालुक्यातले. काही वर्षांपूर्वी त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. तंबाखू, दुसरं काय. उपचार मुंबईला. आता ज्यांच्या घरात हे झालेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचा सगळा विषय तिच्यावर उभा आहे.

आपल्याला वाटतं कॅन्सरचा पेशंट म्हणजे ॲडमिट. तसं नसतं. रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, ते साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस रोज थोडा वेळ असतं. आणि हे पाच, सहा, कधी सात आठवडे चालतं. केमो असेल तर दोन-तीन आठवड्यांनी एक सायकल. बऱ्याच पेशंटना हॉस्पिटलमध्ये खाट लागत नाही. त्यांना हॉस्पिटलजवळ राहायला जागा लागते. मुंबईतल्या माणसाला घर असतं. धडगावच्या माणसाने काय करायचं? रोज चांदसैली घाट उतरून, नंदुरबारला गाडी पकडून, सुरतमार्गे मुंबईला जाऊन परत यायचं?

मामा-मामींनी एक खोली भाड्याने घेतली. दहा-बारा दिवस बरे गेले. मग गळ्यावरची कातडी काळी पडली, खोकला सुरू झाला, आणि घरमालकाने विचारलं, “यांना झालंय काय?” मामींनी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खोली खाली करायला लागली. माणूस वाईट नव्हता. उरलेलं भाडं मोजून परत दिलं त्याने. म्हणाला, “आजूबाजूचे लोक बोलतात.”

उरलेले उपचार त्यांनी कुठे कुठे राहून केले, ते मामी अजूनही नीट सांगत नाहीत.

आणि त्याच मामांचा भाचा ग्रुपवर अंगठा देऊन मोकळा झाला होता. म्हणून म्हटलं, हा विषय नीट समजून घेऊ. शेजारी असं घर येणार म्हटल्यावर लोक नेमकं काय म्हणतात? त्यातलं किती खरं असतं? आणि शेवटी ठरवायचं कुणी?

लालबाग, जून २०२१

या विषयावरचं महाराष्ट्रातलं एक ठळक उदाहरण त्याच परळ भागात घडलंय. ते वृद्धाश्रमाचं नाही, पण भांडण हेच आहे.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. देशभरातून तिथे पेशंट येतात आणि त्यांच्याबरोबर नातेवाईक. त्या भागातून गेला असाल तर हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर चटया, पिशव्या, फाइली घेऊन बसलेली, झोपलेली कुटुंबं पाहिली असतील. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, अशा संस्था वर्षानुवर्षं पेशंटची सोय करतात. पण येणारे जास्त, खोल्या कमी.

तर २०२१ मध्ये म्हाडाने ठरवलं की करी रोड-लालबाग भागातले आपल्या ताब्यातले १०० फ्लॅट टाटा हॉस्पिटलला द्यायचे, पेशंट आणि नातेवाइकांना राहण्यासाठी. तेव्हा गृहनिर्माण मंत्री होते जितेंद्र आव्हाड. मे महिन्यात शरद पवारांच्या हस्ते हॉस्पिटलला चाव्याही दिल्या गेल्या. हॉस्पिटलपासून जागा जवळ. सगळ्यांनी कौतुक केलं.

अडचण अशी होती, की हे फ्लॅट ज्या इमारतींमध्ये होते तिथे आधीपासून लोक राहत होते. सुखकर्ता आणि विघ्नहर्ता अशा दोन सोसायट्या, साधारण साडेसातशे कुटुंबं. रहिवाशांनी विरोध केला. स्थानिक आमदार अजय चौधरी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र दिलं आणि २२ जूनला मुख्यमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. बातमी आल्यावर दोन्हीकडून टीका झाली. आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर झालं, की लालबागऐवजी बॉम्बे डाईंग मिलच्या आवारातल्या म्हाडाच्या इमारतीत १०० फ्लॅट देऊ.

सोशल मीडियावर तेव्हा सरळ निकाल लागला होता: रहिवासी माणुसकी नसलेले. मीही तेव्हा तेच म्हटलं असतं. पण त्यांच्या बाजूने एकदा बघा.

पहिलं, काळ कोणता होता? कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. रोज नवे लोक, बाहेरगावचे लोक इमारतीत येणार म्हटल्यावर कुणालाही धास्ती वाटली असती.

दुसरं, आपल्या इमारतीत शंभर घरं कुणाला जाणार, हे रहिवाशांना आधी विश्वासात घेऊन सांगितलं गेलं नाही, ही त्यांची तक्रार होती. चाव्या दिल्या, फोटो निघाले, मग चर्चा. आपल्या घरी पाहुणे येणार हे आपल्याला शेजाऱ्याकडून कळलं तर पाहुण्याबद्दल राग नसला तरी डोकं फिरतंच.

तिसरं, लालबाग म्हणजे गिरणगाव. इथल्या चाळींत एकेका खोलीत गिरणीकामगार पाळीपाळीने झोपले. एक कामावर गेला की त्याच वळकटीवर दुसरा. गावाकडून आलेल्या अनोळखी माणसाला जागा देण्याचा इतिहास या भागाइतका मुंबईत फार थोड्या ठिकाणी असेल. तेव्हा ‘इथल्या लोकांना माणुसकी नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

तीन डबे

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे तक्रारी आल्या की आधी त्यांची वर्गवारी करायची ही सवय. आमच्या ग्रुपवरचे सगळे मेसेज मी तीन डब्यांत टाकून पाहिले.

पहिला डबा, व्यवस्थेचे प्रश्न. पाणी पुरेल का? अँब्युलन्स गल्लीत वळेल का? कचऱ्याचं काय? रात्री कोण जबाबदार? हे एकदम रास्त प्रश्न. आमच्या भाषेत सांगायचं तर हे बग रिपोर्ट आहेत. बग रिपोर्ट देणाऱ्यावर चिडायचं नसतं, बग दुरुस्त करायचा असतो.

दुसरा डबा, विचारलं नाही याचा राग. हाही खरा आहे. आणि याचं उत्तर सोपं असतं: विचारा. पण ते नेहमी उशिरा दिलं जातं.

तिसरा डबा म्हणजे भीती. ‘आजार पसरेल’, ‘मुलांच्या मनावर परिणाम होईल’, ‘अपशकुन’. इथे जरा थांबूया.

कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शेजारी राहून नाही, लिफ्टमधून नाही, एका ताटात जेवून नाही. उलट केमो चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, म्हणजे धोका असलाच तर त्याला आपल्यापासून आहे. आपल्या मुलाची सर्दी त्याला महागात पडू शकते. म्हातारपण, पॅरालिसिस, विसरण्याचा आजार यातलंही काही संसर्गजन्य नाही.

पण एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो. अशी माहिती ग्रुपवर टाकून भीती जात नाही. मी टाकून बघितली. उत्तर आलं, ‘तू पुण्यात राहतोस ना, तुला बोलायला काय जातं?’ आणि त्यांचंही बरोबर होतं!

टेक्सासमधलं घर

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत टेक्सास राज्यात क्लेबर्न नावाचं छोटं शहर आहे. १९८० च्या सुमारास तिथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या १३ जणांसाठी एका घरात सोय करायचं ठरलं. देखरेखीला माणसं चोवीस तास. शहर म्हणालं, याला खास परवानगी लागेल. सुनावणी झाली आणि कौन्सिलने ३ विरुद्ध १ मतांनी परवानगी नाकारली.

कारणं ऐका, ओळखीची वाटतील. आसपासच्या बहुतेक घरमालकांना हे नकोय. म्हाताऱ्या शेजाऱ्यांना भीती वाटते. समोर शाळा आहे, तिथली मुलं या लोकांना त्रास देतील. जागा पूरक्षेत्रात आहे. घरात माणसं जास्त होतील.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८५ मध्ये निकाल लागला. कोर्टाने एकेक कारण उलटून पाहिलं. पूर येईल म्हणता? मग त्याच जागेवर हॉस्पिटल किंवा नर्सिंग होम बांधायला तुम्ही अशी खास परवानगी मागत नाही, त्यांना काय पोहता येतं? गर्दीचं म्हणता? तेवढ्याच माणसांचं वसतिगृह काढलं असतं तर तुम्ही अडवलं नसतं. शाळेचं म्हणता? त्या शाळेतच असे साधारण ३० विद्यार्थी शिकतात. (शब्द माझे आहेत, पण मुद्दे कोर्टाचे.) आणि शेजाऱ्यांची नुसती नापसंती किंवा भीती हे कुणाला परवानगी नाकारायचं कारण होऊ शकत नाही, असं कोर्टाने सांगितलं.

यातून मला एक सोपी चाचणी मिळाली. जो आक्षेप तुम्ही घेताय, तोच आक्षेप तिथे कोचिंग क्लासचं हॉस्टेल आलं असतं तर घेतला असता का? घेतला असता तर तो व्यवस्थेचा प्रश्न आहे, जरूर विचारा. नसता घेतला, तर तुमचा आक्षेप इमारतीवर नाही, तिथे राहणाऱ्या माणसांवर आहे.

ही चाचणी मी आमच्या ग्रुपला लावली. पाण्याचा प्रश्न पास झाला. पार्किंगचा पास झाला. ‘मुलांनी मयत बघायची का’ हा नापास झाला. कारण मयत तर प्रत्येक घरातून निघते. आमच्या आजीची त्याच गल्लीतून निघाली होती आणि अख्खी कॉलनी खांदा द्यायला आली होती. ते नानाही होते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगतो. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ चा. त्याच्या कलम १९ मध्ये म्हटलंय, की राज्य सरकार टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम काढू शकेल, सुरुवात प्रत्येक जिल्ह्यात किमान एकाने, आणि त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असावी. म्हणजे ‘अशी घरं गावाबाहेर हवीत’ असं कायद्याने म्हटलेलं नाही. उलट जागा सहज पोचता येईल अशी असावी, असं म्हटलंय.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आणि मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा तर स्पष्टच सांगतात: या लोकांना समाजात राहण्याचा हक्क आहे. समाजात म्हणजे वस्तीत, माणसांत.

आणखी एक गोंधळ. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे छोटं हॉस्पिटल, त्याची नोंदणी वेगळी. वृद्धाश्रम किंवा केअर होम म्हणजे राहण्याची जागा, जिथे आंघोळ घालायला, भरवायला, कूस बदलायला माणूस असतो. अर्थात तिथेही इंजेक्शनच्या सुया, ड्रेसिंगचा कापूस असा कचरा निघाला तर तो घंटागाडीत टाकता येत नाही, त्याला जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. हा प्रश्न चालकांना विचाराच.

मग भीती जाते कशी?

याचं उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याकडे आहे. बाबा आमटे यांनी १९४९ च्या सुमारास तिथे आनंदवन सुरू केलं, कुष्ठरोग्यांसाठी. खडकाळ माळरान, हाताशी काहीच नाही. काही वर्षांत तिथल्या लोकांनी शेती उभी केली, भाजी पिकवली. पण वरोऱ्याच्या लोकांनी ती भाजी घेतली नाही. हात कुणाचे लागलेत, ही भीती.

१९५० च्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे परदेशी तरुण तिथे श्रमदानाला आले. त्यांनी बांधकाम केलं, तिथेच राहिले, तिथलंच खाल्लं. वरोऱ्याचे लोक कुतूहलाने बघायला यायला लागले. या लोकांना काही होत नाही हे डोळ्यांनी पाहिलं आणि हळूहळू आनंदवनाची भाजी विकली जायला लागली. पुढे १९६० च्या दशकात आनंदवनात कॉलेज निघालं आणि गावातली मुलं तिथे शिकायला गेली.

म्हणजे बघा, ज्या गावाने भाजी नाकारली त्याच गावाने पुढे आपली पोरं पाठवली. ते कुणी पत्रक वाटून झालं नाही. जाण्या-येण्याने झालं.

हे नंदुरबारला का सांगतोय?

कारण या भांडणात आपण बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला असतो. आपला जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, मेडिकल कॉलेज २०२० मध्ये आलं. अक्राणीच्या पाड्यांवरून पेशंटला झोळीत घालून खाली आणायचे, त्या ‘बांबूलन्स’चे व्हिडिओ तुम्ही फोनवर पाहिलेत. मोठा आजार झाला की आपण सुरत, नाशिक, मुंबई गाठतो. तिथे कुणाच्या तरी गल्लीत, कुणाच्या तरी जिन्यात आपण ‘बाहेरचे पेशंट’ असतो.

आणि म्हातारी माणसं? पोरं ऊसतोडीला गुजरातेत, नाहीतर माझ्यासारखी पुण्यात. घरात दोन म्हातारे, त्यातला एक पडला की दुसऱ्याने उचलायचं. हे बंगल्यातही आहे आणि पाड्यावरही आहे. आमच्या ग्रुपवर विरोध करणाऱ्या निम्म्या काका-काकूंची मुलं बाहेर आहेत. हे लिहायला अवघड वाटतं, पण उद्या त्या बंगल्यात राहायला येणारे म्हणजे कदाचित तेच असतील. किंवा माझे मम्मी-पप्पा.

तुमच्या गल्लीत असा प्रस्ताव आला तर

नुसता विरोध किंवा नुसता पाठिंबा देऊ नका. बसा आणि विचारा:

१. चालवणारं कोण? नोंदणी आहे का? या आधी कुठे काम केलंय, ते बघायला जाता येईल का?
२. माणसं किती राहणार आणि दिवसा-रात्री कर्मचारी किती?
३. पाणी, ड्रेनेज, कचरा, अँब्युलन्सची जागा यांची सोय काय?
४. इमर्जन्सीला कुठल्या हॉस्पिटलशी बोलणं झालंय? आगीपासून सुरक्षा काय?
५. तक्रार असेल तर फोन कुणाला करायचा? तो माणूस दर महिन्याला भेटेल का?
६. शेजाऱ्यांना आत येऊन भेटता येईल का?

शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. जिथे शेजारी जातात-येतात तिथे भीती टिकत नाही. आणि तिथे राहणाऱ्यांचे हाल होत असतील तर तेही लपत नाहीत. बंद दाराआड काय चाललंय याची काळजी शेजाऱ्याने करावी, हा त्याचा खरा हक्क आहे. कोण राहायला येणार हे ठरवायचा हक्क मात्र त्याच्याकडे नाही.

आमच्या कॉलनीचं काय झालं?

मी दुसऱ्या दिवशी अंगठा काढला. व्हॉट्सॲपवर तो काढता येतो, पण कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून मेसेजही लिहिला. मामांची गोष्ट लिहिली, आधी मामींना विचारून. खाली वरचे सहा प्रश्न टाकले आणि म्हटलं, यांची उत्तरं मिळेपर्यंत लेखी विरोध थांबवूया.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्याच नानांचा फोन आला, ग्रुपवर नाही, मला. म्हणाले, “हे बघ भाऊ, मला त्या लोकांची भीती नाही वाटत. मला माझी वाटते. रोज खिडकीतून ते बघायचं म्हणजे उद्याचा मीच दिसणार ना?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त म्हटलं, “नाना, मीटिंगला हेच बोला.”

मीटिंग झाली. मंदिराच्या ओट्यावर, चालक मंडळी आली होती. मी व्हिडिओ कॉलवर होतो, अर्धा वेळ आवाजच येत नव्हता. पाण्याच्या टाकीचं आणि अँब्युलन्सच्या वळणाचं उत्तर मिळालं. रात्रीच्या स्टाफचं समाधानकारक मिळालं नाही, ते लिहून द्या असं ठरलं. निर्णय अजून झालेला नाही. दोन घरं अजून ठाम विरोधात आहेत आणि त्यांना तो अधिकार आहे. पण लेखी विरोधाचा कागद सह्यांना फिरला नाही. आणि नाना ते काम करणाऱ्या लोकांचं दुसरं घर बघून येणार आहेत. मम्मी म्हणाली, तीही जाणार.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. विरोधात असाल तरी पाठवा, किंबहुना विरोधात असाल तर नक्की पाठवा. फक्त एक विनंती, पाठवण्याआधी ती हॉस्टेलची चाचणी आपल्या आक्षेपाला लावून बघा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.